तात्यांची कंबर आणि काकींचा पाय

आमच्या भागात मला कुणी फिजिओथेरपिस्ट म्हणत नाही. मी ‘करंटवाल्या बाई’. दवाखान्यात करंट द्यायचं एक यंत्र आहे, त्यावर लाल दिवा लागतो, आणि तो लागला की पेशंटला आपल्यावर काहीतरी मोठा इलाज चालल्यासारखं वाटतं. खरा इलाज मी तोंडाने सांगते आणि तो घरी जाऊन स्वतःच करायचा असतो, त्यामुळे त्याला कुणी मोजत नाही. मी आत फोनवर असले तर बाहेरून आवाज येतो, “बाई, तुमी बोला निवांत, नुसतं करंट चालू करून जा.”

माझं सगळं आयुष्य कोल्हारात गेलं. अब्बांचं बाजारात बांगड्यांचं दुकान होतं. माणसाला न दुखवता त्याचा हात कसा दाबायचा, हे मी कॉलेजात शिकायच्या आधी त्यांच्याकडे बघून शिकले. पुढे हातांऐवजी पाठी आणि कंबरा वाट्याला आल्या. प्रवराकाठची शेती, उसाच्या मोळ्या, दुधाच्या किटल्या आणि नगर-मनमाड रस्ता, एवढं सगळं आसपास असल्यावर कंबरेच्या दवाखान्याला पाटी लावायची गरज पडत नाही.

माझ्याकडे येणारा प्रत्येक जण आजाराचं नाव घरूनच ठरवून आणतो. “मनक्यात गॅप हाय.” हा गॅप कुणी पाहिलेला नाही, पण तो सगळ्यांना आहे. गॅप नसेल तर “नस दबलीय”. गॅपपेक्षा नस दबणं जरा वरच्या दर्जाचं समजतात, कारण त्यासाठी नगरला जाऊन एमआरआय काढावा लागतो. शिर्डीत फुलांचं दुकान चालवणारे एक गृहस्थ तर मला म्हणाले होते, “मॅडम, आमच्या भावकीत समद्यांचं नुसतं गॅपवर भागलं. नस फक्त माझी दबली.” त्यांच्या चेहऱ्यावर दुःख होतं, पण निव्वळ दुःख नव्हतं.

नस दबणं म्हणजे काय, ते एकदा सांगते. कण्यातले मणके एकावर एक रचलेले असतात आणि दोन मणक्यांच्या मध्ये एक गादी असते, बाहेरून चिवट आणि आत मऊ. वाकून ओझं उचलल्याने, वयाने, कधी नुसत्या जोराच्या शिंकेनेही बाहेरचं आवरण फाटतं आणि आतला मऊ भाग बाहेर येतो. पायाकडे जाणाऱ्या नसा तिथूनच निघतात. एखादीवर दाब आला की कळ ढुंगणातून निघते ती मांडी, पोटरी करत पावलापर्यंत जाते. म्हणून पेशंट तक्रार करतो की दुखतंय पायात आणि बाई बघतात कंबर. आम्ही त्याला उताणं झोपवतो, गुडघा न वाकवता पाय वर उचलतो, टाचांवर चालवतो, चवड्यांवर चालवतो, पायाचा अंगठा वर ओढायला सांगतो. एवढ्यात बरंच कळतं. फोटो लागला तर नंतर.

आणि यातले बहुतेक लोक काही आठवड्यांत आपोआप बरे होतात. बाहेर आलेला भाग शरीर हळूहळू जिरवून टाकतं. आपण दुखणं सुसह्य ठेवायचं, माणसाला झोपून राहू द्यायचं नाही, आणि त्याची भीती काढायची. आपोआप बऱ्या होणाऱ्या आजाराचं श्रेय घ्यायला मात्र सगळा जिल्हा तयार असतो. तेलवाला घेतो, तांब्याच्या कड्यावाला घेतो, कंबरपट्टा विकणारा घेतो. मीही घेते.

पण एक अपवाद आहे, आणि हे सगळं लिहिते आहे ते त्या अपवादाची गोष्ट सांगण्यासाठी.

आमच्या जवळच्या एका गावात तात्या म्हणून पुढारी आहेत. दूध सोसायटीचे चेअरमन आणि त्या वर्षी साखर कारखान्याच्या निवडणुकीला उभे राहायच्या तयारीत. अर्ज भरायची वेळ जवळ आली आणि तात्यांची कंबर धरली. डाव्या पायात पोटरीपर्यंत कळ. पायजम्याची नाडी बांधताना त्यांना शिंक आली होती, हे मला त्यांच्या बायकोने, काकींनी सांगितलं. गावात मात्र असं ठरलं होतं की एका म्हातारीचा हंडा उचलून देताना तात्यांना लचक भरली. काही दिवसांनी तात्यांनाही ती म्हातारी आठवायला लागली.

तात्यांनी दवाखान्यात येणं त्यांच्या माणसांना मान्य नव्हतं. बबन नावाचा त्यांचा सावलीसारखा कार्यकर्ता मला न्यायला आला. “मॅडम, नेता लंगडत दवाखान्याची पायरी चढतोय, असं कुनी बघितलं तर मेसेज चुकीचा जातो.” म्हणून मीच दिवसाआड त्यांच्या बंगल्यावर जायला लागले.

बंगल्याच्या दिवाणखान्यात पूर्वेच्या खिडकीला तात्यांच्या एमआरआयच्या फिल्मा दोऱ्याने टांगलेल्या होत्या. सकाळी ऊन आलं की त्या झळाळायच्या. भेटायला येणारा प्रत्येक जण आधी खिडकीशी जायचा, चष्मा सारखा करायचा आणि बोट ठेवायचा, “हितं हाय बघा गडबड.” प्रत्येकाचं बोट वेगळ्या जागी पडायचं. एकाने बराच वेळ अभ्यास करून तात्यांच्या मूत्रपिंडावर बोट ठेवलं आणि मान हलवली. मग सल्ले सुरू व्हायचे. निरगुडीचा शेक, एरंडाची पानं, तांब्याचं कडं, लाकडी फळीवर झोपणं, आणि फळीवर अजिबात न झोपणं. बबनने निष्ठा म्हणून स्वतःही कंबरेला पट्टा बांधला होता. ते पाहून बाकीच्यांनी बांधले. गावातल्या मेडिकलवाल्याकडचे पट्टे संपले, आणि ज्यांची कंबर खरंच दुखत होती त्यांना राहुरीला जावं लागलं.

मी तात्यांना तपासलं. पाय वर उचलला की कळ यायची, पण ताकद पुरेपूर होती. अंगठा, टाच, चवडा सगळं ठीक.

“काळजीचं काही नाही तात्या,” मी म्हणाले. “घाबरू नका. फार वेळ बसू नका, झोपूनही राहू नका. रोज थोडं थोडं चाला. काही आठवड्यांत कमी होईल.”

तात्यांचा चेहरा पडला. भोवतीची माणसं अस्वस्थ झाली.

“म्हंजे शिरियस न्हाई म्हनता?” तात्यांनी विचारलं.

“नाही.”

“पन त्या कागदात तर लई लिव्हलंय इंग्रजीत.”

“तुमच्या वयाच्या कुणाचाही फोटो काढला तरी तेवढं लिहून येतं.”

हे त्यांना आवडलं नाही. आपल्या कण्यात आणि इतरांच्या कण्यात काही फरक नाही, हे निवडणुकीच्या तोंडावर ऐकायला कुणालाच आवडलं नसतं. बबन मला फाटकापर्यंत सोडायला आला आणि हळूच म्हणाला, “मॅडम, बाहेर कुनी विचारलं तर जरा जपून सांगा. लई किरकोळ हाय असं नका म्हनू.”

त्या काळात घरात चहाची भट्टी बंद व्हायची नाही. माणसं इतकी की स्वयंपाकघरातला गॅस पुरेना, म्हणून मागच्या पडवीत जमिनीवर मोठी शेगडी मांडली होती. काकी तिथे वाकून पातेलं चढवायच्या, वाकून उतरवायच्या, दुधाच्या किटल्या ओढायच्या. कामाला एक बाई होती, तीही कंटाळून माहेरी गेली होती. मी गेले की काकी भिंतीला टेकून पाटावर बसलेल्या असायच्या आणि मला म्हणायच्या, “बसा शेखबाई, तुमच्या चहात साखर कमी घालते.” त्या चालताना मला दिसायच्याच नाहीत. तात्यांच्या कंबरेची चौकशी गावाने केली, पंचक्रोशीने केली, विरुद्ध पॅनेलनेही केली. त्या घरात अजून कुणाला कंबर असेल, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

चार लोकांच्या सल्ल्याने शेवटी असं ठरलं की तात्यांना पलीकडच्या जिल्ह्यातल्या एका महाराजांकडे न्यायचं. ते पाठीवर पाय देऊन नस मोकळी करतात अशी ख्याती होती. त्यांची वेळ मिळणं फार अवघड, पण बबनने मोठी खटपट करून मिळवली होती. मला हे कुणी कळवलं नव्हतं. मी नेहमीप्रमाणे सकाळी गेले तर अंगणात गाड्यांची रांग. मोठ्या गाडीच्या मागच्या सीटा पाडून त्यावर गादी अंथरलेली, गादीवर नवी चादर, उशाला लोड. माणसं पट्टे बांधून उभी. तात्या पायरीवर कण्हत बसलेले.

“मॅडम, आज करंट नको,” बबन म्हणाला. “आज पाय हाय.”

तेवढ्यात काकी चहाचं ताट घेऊन बाहेर आल्या. त्यांना चालताना मी बऱ्याच दिवसांनी पाहत होते. उजवा पाय त्या गुडघ्यातून उंच उचलत होत्या आणि पाऊल फरशीवर फटकन पडत होतं. पायरी उतरताना त्या पायातली चप्पल मागे राहिली. काकी तशाच पुढे आल्या. अंगणात खडी टाकलेली होती. एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी खडीवर, आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

मी ताट त्यांच्या हातातून घेतलं, जवळ उभ्या असलेल्याच्या हातात दिलं आणि काकींना दंडाला धरून आत नेलं. स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं.

“काय झालं?” काकी म्हणाल्या. “चहा निवंल ना.”

“निवू द्या. बसा. पायाचा अंगठा वर करा.”

उजव्या पायाचा अंगठा हललाच नाही. डावा थोडा वर आला आणि पडला.

“कधीपासून आहे हे?”

“पाय लई दिवस दुखत हुता. दोन्ही बाजूंनी कळा यायच्या. पन आता दुखायचं कमी झालंय. म्हनलं, बरं झालं एकदाचं, यांच्या गडबडीत माझं कुटं काढायचं.”

दुखणं दोन कारणांनी थांबतं. नस मोकळी होते म्हणून, नाहीतर नस बोलायचीच बंद होते म्हणून.

“काकी, स्पष्ट विचारते, लाजू नका. लघवी होते का नीट?”

त्यांनी दाराकडे पाहिलं. मग खाली बघत म्हणाल्या, “कालपास्नं न्हाई होत. बसावं तर येत न्हाई आन् उठावं तर थेंब थेंब जाती. कळतच न्हाई. दोन्ही मोऱ्यांवर सारखी पाव्हन्यांची गर्दी. वाटलं, दाबून दाबून झालं आसंल.”

“खाली बसलेलं कळतं का?”

“तुमी इचारलं म्हनून सांगते. पाटावर बसलेय का फरशीवर, तेच कळंना झालंय.”

मी त्यांच्या पोटावर हात ठेवला. ओटीपोट बेंबीपर्यंत फुगून घट्ट झालं होतं. एवढी भरलेली पिशवी घेऊन साधा माणूस ओरडला असता. काकी सकाळपासून चहाचे कप विसळत होत्या.

कण्याच्या तळाशी नसांचा एक झुबका असतो, घोड्याच्या शेपटीसारखा. पाय तर त्यावर चालतातच, पण लघवी, शौच आणि बसायच्या जागेची जाणीवही त्याच्याच ताब्यात असते. मधली गादी फाटून सगळी या झुबक्यावर येऊन बसली की ते दुखणं वाट पाहत नाही. तिथे शेक नाही, व्यायाम नाही, करंट नाही. ऑपरेशन करून दाब काढायचा, तोही शक्य तितक्या लवकर. उशीर झाला तर पाय लुळा राहतो आणि लघवीची नळी जन्माला चिकटते. हे मी पुस्तकात वाचलं होतं आणि पेशंटमध्ये फार क्वचित पाहिलं होतं. मी नगरच्या एका सर्जनांना फोन लावला. त्यांनी मधे एकही वाक्य न बोलता ऐकून घेतलं आणि म्हणाले, “निघा. तोंडात काही घालू देऊ नका. मी एमआरआयला सांगून ठेवतो.”

बाहेर आले तर तात्यांना दोघे जण उठवत होते.

“तात्या, काकींना आत्ता नगरला न्यायला लागेल. गाडी हवी.”

“काय झालं तिला? आत्ता तर चहा घेऊन आली.”

मी हळू आवाजात सांगायचा प्रयत्न केला. अंगणभर पुरुष उभे होते. ‘नस’ म्हटल्यावर त्यांनी तात्यांकडे पाहिलं. ‘पोट’ म्हटल्यावर बबन म्हणाला, “गॅस झाला आसंल. सोडा द्या, मोकळं हुईल.” तात्या म्हणाले, “उद्या नेऊ की. न्हाईतर असं करा, तिला मागच्या गाडीत घाला, जाता जाता महाराजांनाच दाखवू.”

“पाठीवर पाय दिला तर त्या परत कधी चालणार नाहीत.”

“मॅडम,” बबन समजुतीच्या सुरात म्हणाला, “ही वेळ गेली की पुन्ना कवा मिळंल सांगता येत न्हाई. वैनींचं आपन घरातलंच हाय.”

मग मी सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “काकींना कालपासून लघवी होत नाही. बसायच्या जागेची जाणीव गेली आहे. आज ऑपरेशन झालं नाही तर जन्मभर नळी लावून राहावं लागेल.”

इतकी माणसं एकाच वेळी नारळाच्या झाडाकडे बघताना मी पहिल्यांदाच पाहिली. कुणी घसा साफ केला, कुणी मोबाईल काढला. तात्यांचा चेहरा लाल झाला. “हळू बोला की बाई,” ते म्हणाले. “चार मान्सं हायेत.”

मागून फटक फटक आवाज आला. काकी भिंत धरत बाहेर आल्या होत्या. त्यांच्या हातात कापडी पिशवी होती, डोक्यावर पदर. त्या कुणाकडेही न बघता मोठ्या गाडीपाशी गेल्या, दाराचा आधार घेतला, आधी बूड टेकवलं, मग हाताने उचलून एक पाय आत घेतला, मग दुसरा. गादीवर आडव्या झाल्या आणि लोड डोक्याखाली घेतला.

“मी झोपले,” त्या म्हणाल्या. “आता कुटं न्यायचं तिकडं न्या.”

बबनने तात्यांकडे पाहिलं. तात्या गाडीकडे बघत होते. त्या गादीवर आपल्या बायकोला आडवी झालेली पाहून त्यांना काय वाटलं, ते मला सांगता येणार नाही. ते कण्हत पुढच्या सीटवर चढले आणि ड्रायव्हरला म्हणाले, “नगर.”

मी मागे काकींच्या शेजारी बसले. बाकीच्या गाड्या सवयीने मागोमाग निघाल्या. तो रस्ता कधी ना कधी दुरुस्त होतच असतो आणि आम्ही दुरुस्तीच्या मधल्या टप्प्यात सापडलो होतो. खड्डा आला की पुढून तात्या “आई गं” म्हणायचे. मागे काकी गप्प पडून होत्या. मला तात्यांच्या कण्हण्याची काळजी नव्हती. काकींच्या गप्प असण्याची होती. एकदा त्या म्हणाल्या, “शेखबाई, भट्टीवर दूध तसंच राहिलं.” मी म्हणाले, उतू जाऊन आपोआप विझेल. त्यावर त्यांनी डोळे मिटले आणि माझा हात धरला.

दवाखान्यात सगळं पटापट झालं. नळी घालून लघवी काढली, तेव्हा भरलेली पिशवी पाहून नर्सने माझ्याकडे पाहिलं. एमआरआयच्या खोलीत धातू चालत नाही, म्हणून काकींनी मंगळसूत्र आणि पाटल्या काढून तात्यांच्या हातात दिल्या. तात्यांनी त्या मुठीत धरल्या आणि मूठ छातीशी लावून उभे राहिले. बबनने तिथल्या टेक्निशियनला विचारून पाहिलं, “आलोच हाय तर आमच्या तात्यांचा पन एक काढता का? जुना झालाय तो.” टेक्निशियनने त्याला बाहेर बसायला सांगितलं.

सर्जनांनी तात्यांना फोटो दाखवला. गादी फाटून नसांचा सगळा झुबका एका बाजूला दाबला गेला होता. या फोटोवर बोट कुठे ठेवायचं, हे कुणाला विचारायची गरज नव्हती.

“पूर्ण बरी हुईल का?” तात्यांनी विचारलं.

“दाब काढणं माझ्या हातात आहे,” सर्जन म्हणाले. “नसा किती जाग्या होतील ते नसाच ठरवतील. पण तुम्ही आज आलात, हे बरं केलंत. आज आणि उद्या यात फार फरक असतो.”

काकी ऑपरेशनला आत गेल्या आणि तिकडे मोबाईलवर वेगळंच ऑपरेशन सुरू झालं. तात्यांची गाडी नगरच्या मोठ्या दवाखान्यासमोर कुणीतरी पाहिली होती. दुपारपर्यंत गटागटांवर निरोप फिरले की तात्यांवर मणक्याची अवघड शस्त्रक्रिया सुरू आहे, कार्यकर्त्यांनी धीर धरावा. थोड्या वेळाने निरोपातली ती शस्त्रक्रिया यशस्वीही झाली. तात्या तेव्हा व्हरांड्यात उभे होते. माणसं शहाळी, फुलं घेऊन यायला लागली. ती तात्यांना धडधाकट उभं बघून आधी दचकायची, मग सावरून विचारायची, “कंबर कशी हाय?” विरुद्ध पॅनेलचे उमेदवारही शाल घेऊन आले. आजारी माणूस आत आहे आणि ती बाई आहे, हे समजल्यावर शाल कुणाला घालायची ते त्यांना उमगेना. त्यांनी ती बबनकडे दिली.

तात्या कुणाशी धड बोलत नव्हते. ते व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होते. मूठ तशीच बंद. मी कितीतरी दिवस कानीकपाळी ओरडून सांगत होते ते चालणं त्यांनी त्या एका दुपारी भरून काढलं. संध्याकाळी सर्जन बाहेर आले, सगळं नीट झालं म्हणाले, तेव्हा तात्या बाकावर बसले आणि त्यांच्या लक्षात आलं की आपला पाय दुपारपासून फारसा दुखलाच नाही. ते त्यांनी मला दबक्या आवाजात सांगितलं, जणू काही गुन्हा झाला होता. पुढे काही आठवड्यांत त्यांची कळ पूर्ण गेली. ज्या महाराजांकडे ते कधी पोहोचलेच नाहीत, त्यांनी लांबूनच पाय दिला असं बबन आजही सांगतो.

काकींचं सोपं नव्हतं. पहिल्यांदा नळी काढली तेव्हा लघवी झाली नाही, पुन्हा घालावी लागली. नळीसकटच त्यांना घरी आणलं. मी रोज जाऊन पाय हलवून घ्यायचे, उजव्या पायाला प्लॅस्टिकची पट्टी दिली, म्हणजे पाऊल लोंबायचं नाही. काही आठवड्यांनी नगरच्या दवाखान्यात नेऊन नळी दुसऱ्यांदा काढली. त्या दिवशी मी, नर्स आणि तात्या न्हाणीघराच्या बाहेर उभे होतो. बराच वेळ आतून काही आवाज नाही. तात्यांनी कितीतरी निकालांची वाट पाहिली असेल, पण त्या दाराशी त्यांचा चेहरा मी पाहिला तसा आधी कधी पाहिला नव्हता. शेवटी आतून काकी म्हणाल्या, “झाली.” तात्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. बबन जिन्यात उभा होता. त्याने खालच्या लोकांना सांगितलं, “झाली हो, झाली.” खालच्यांना काय झालं ते माहीत नव्हतं, पण त्यांनी टाळ्या वाजवल्या.

पाय मात्र पूर्ण भरून आला नाही. अंगठा आता हलतो, पण पट्टी अजून लागते. बसायच्या जागेची जाणीव एका बाजूला बोथट आहे. आणखी थोडं आधी कळलं असतं तर, हा विचार माझ्या डोक्यात येतो. काकींच्याही येत असेल. आम्ही तो विषय एकमेकींपाशी काढत नाही.

पुढे प्रचार सुरू झाला आणि माझ्या कानावर यायला लागलं की तात्या भाषणात ही गोष्ट सांगतात. त्या गोष्टीत अंगणात गाड्या तयार होत्या, पण तात्यांची नजर बायकोच्या पावलावर गेली, तात्यांनी ओळखलं की नस दबली आहे, तात्यांनी स्वतःचा इलाज बाजूला ठेवून गाडी फिरवली. मी गोष्टीत कुठेच नव्हते. मला राग आला. मी काकींना व्यायाम द्यायला गेले तेव्हा बोलूनही दाखवलं.

काकी हसल्या. “बोलू द्या त्यांना. बाईमान्साच्या लघवीबद्दल माईकवर आजवर कोन बोललंय?”

त्यांच्याच आग्रहाने मी गावातल्या सभेला गेले. देवळापुढच्या पटांगणात पुढे पुरुष, मागे एका बाजूला बाया. काकी बायांत खुर्चीवर बसल्या होत्या. तात्या उभे राहिले, उसाच्या दराबद्दल थोडं बोलले आणि गोष्टीवर आले. नजर, पाऊल, गाडी, सगळं झालं. मग ते म्हणाले, “आयाबहिनींनो, कंबर दुखती म्हनून अंगावर काढू नका. दोन्ही पायात कळा आल्या, पाय लुळा पडला, लघवी अडली, तर घरी थांबायचं न्हाई.” पुरुषांनी माना खाली घातल्या. मागच्या बाया, ज्या मघापासून आपसांत बोलत होत्या, त्या ऐकायला लागल्या.

त्यातली एक मध्यम वयाची बाई, ऊसतोडीला जाणाऱ्यांपैकी असावी, जागेवर उभी राहिली. “तात्या, दुखतं कंबरंत, पन खाली बधिर लागतं मधीमधी. मोळी उचलल्यावर. त्याचं काय समजायचं?”

तात्यांच्या भाषणात यापुढचं काही नव्हतं. त्यांनी गर्दीवरून नजर फिरवली, मी सापडले, आणि ते म्हणाले, “मॅडम, इकडं या. ह्यांनीच तर सांगितलं हुतं मला.”

मी गर्दीतून पुढे गेले आणि त्यांनी माझ्या हातात माईक दिला. मी त्या बाईला विचारलं, बधिर नेमकं कुठे लागतं, किती वेळ राहतं, लघवीला लागलेलं कळतं का. तिने सगळ्यांसमोर सांगितलं. मी तिला दुसऱ्याच दिवशी सकाळी दवाखान्यात यायला सांगितलं आणि मध्येच लघवी अडली तर उजाडायचीही वाट पाहू नको म्हणाले. मग दुसरी उभी राहिली. तिसरीने बसल्या जागेवरून विचारलं. एका म्हाताऱ्याने पुरुषांतून हात वर केला आणि लघवी अडणं फक्त बायांनाच होतं का, असं विचारलं. मग पुरुषही विचारायला लागले.

बबन व्यासपीठाच्या कडेवरून घड्याळ दाखवत होता. पुढच्या गावात माणसं खोळंबली होती. तात्या अर्धवट उठले.

“बसा जरा,” काकी खुर्चीवरूनच म्हणाल्या. “बायांचं चाललंय.”

तात्या बसले. उसाच्या दराचं राहिलेलं भाषण त्या दिवशी झालंच नाही, आणि ते राहिलं हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.